गाडीखालचे झाकण आणि ते उघडणारा हात

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका शिक्षकाने दिलेले भाषण)



'तालीम आणि हुनर' या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी सूचना संस्थेच्या चिटणीसांनी केली. विषय मोठा आहे, आणि त्यावर मोठमोठे शब्द वापरून बोलणे सोपे आहे. म्हणून मी आज एका अगदी साध्या वस्तूबद्दल बोलायचे ठरविले आहे. ही वस्तू रोज आपल्या आसपास असते, पण ती पाहावयाची तर जमिनीला पाठ टेकावी लागते. मोटारगाडीच्या पोटाखाली, इंजिनाच्या खालच्या अंगाला, एक सपाट आवरण बसविलेले असते. गॅरेजमध्ये कोणी त्याला अंडरकव्हर म्हणतात, कोणी शिल्ड म्हणतात, तर कोणी नुसतेच 'खालचा पत्रा' म्हणतात, मग ते प्लॅस्टिकचे का असेना!

मी बी. ए., बी. एड. झालेला, इतिहास-भूगोल शिकविणारा शिक्षक. यंत्रशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. परंतु आपल्या शाळेतील कितीतरी मुलांचे वालिद, चाचा, थोरले भाऊ गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या स्टिअरिंगवर आपली रोजी कमावतात. माझे मामूही याच धंद्यातले. त्यांच्या गॅरेजात बसून जे पाहिले आणि पुस्तकांतून जे वाचले, त्या दोहोंची सांगड घालून मी आपल्यापुढे उभा आहे.

प्रथम हे आवरण आले कोठून ते पाहू. ज्यांनी मुंबईत प्रीमिअर पद्मिनी चालविली आहे किंवा अँबॅसॅडरमधून प्रवास केला आहे, त्यांना ठाऊक आहे की त्या गाड्यांच्या पोटाखाली आजच्यासारखे सलग आवरण नव्हते. खाली शिरले की तेलाचा चेंबर समोर, त्याचा नट समोर. मिस्त्रीने पाना लावावा, खाली डबा ठेवावा आणि काळे तेल सोडून द्यावे. अँबॅसॅडरचे उत्पादन २०१४ साली बंद झाले. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या टॅक्सीसेवेतून निवृत्त झाली. त्या गाड्यांबरोबर एका प्रकारची उघडी, हाताला लागणारी रचनाही मागे पडली.

आवरण बसविण्यास कारणे आहेत, आणि ती खरी आहेत. रस्त्यावरचा चिखल, खडी, पाणी इंजिनावर उडू नये, हे पहिले कारण. इंजिनाचा आवाज बाहेर कमी यावा, हे दुसरे. तिसरे आणि आज सर्वांत वजनदार ठरलेले कारण म्हणजे वारा. गाडीच्या पोटाखाली नळ्या, कंगोरे, खळगे असतात. त्यांत वारा अडखळतो, भोवरे होतात आणि गाडी मागे ओढली जाते. खालून सपाट आवरण लावले की वारा सरळ निघून जातो.

विद्यार्थी मित्रांनो, येथे थोडे गणित करू. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एक मध्यम आकाराची मोटार घ्या. समोरून तिचे क्षेत्रफळ २.२ चौरस मीटर आणि तिचा हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३० धरा. ताशी ५० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध सुमारे ७६ न्यूटन येतो. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर केला की तो चौपट, सुमारे ३०६ न्यूटन होतो. म्हणजे साधारण ३१ किलो वजनाचा बोजा सतत मागे ओढत असल्यासारखे झाले. या वेगाला केवळ हवा कापण्यासाठी सुमारे साडेआठ किलोवॅट शक्ती खर्च होते. आता तोच गुणांक ०.०२ ने खाली आणला, तर सुमारे २० न्यूटन वाचतात. आकडा लहान दिसतो, परंतु गाडी आपल्या आयुष्यात लाख-दीड लाख किलोमीटर धावते आणि अशा लाखो गाड्या रस्त्यावर असतात.

सरकारी नियमांचाही यात भाग आहे. आपल्या देशात २०१७-१८ पासून मोटार कंपन्यांना त्यांच्या सर्व गाड्यांची मिळून धुराची सरासरी ठरावीक मर्यादेत ठेवण्याचे बंधन आले. दर किलोमीटरला कार्बन डायऑक्साइड १३० ग्रॅम, अशी पहिली मर्यादा होती. २०२२-२३ पासून ती ११३ ग्रॅमवर आली. इंधनाचा थेंब न् थेंब वाचविण्याची गरज निर्माण झाली, तसे गाडीचे पोटही झाकले जाऊ लागले. २०२१ साली आलेल्या मर्सिडीज-बेंझ ईक्यूएस या विजेवरच्या मोटारीचा गुणांक ०.२० इतका खाली आला, त्यात तिच्या सपाट तळाचा मोठा वाटा आहे. म्हणून 'हे आवरण कंपनीने उगाच लावले' असे जे आपण गॅरेजमध्ये ऐकतो, ते बरोबर नाही.

मग तक्रार कशाची? तक्रार अशी की झाकणाऱ्याने उघडणाऱ्याचा विचार केला नाही. आपल्याकडे म्हण आहे, 'झाकली मूठ सव्वा लाखाची'. मुठीचे ते ठीक आहे, पण गाडीचे पोट दर सहा महिन्यांनी, वर्षाने उघडावेच लागते. तेल बदलावयाचे, फिल्टर बदलावयाचा, कोठे गळती आहे का ते पाहावयाचे. अशा वेळी मिस्त्री गाडीखाली जातो आणि त्याला काय दिसते? दहा-बारा-चौदा ठिकाणी बसविलेले आवरण. काही ठिकाणी स्क्रू, काही ठिकाणी बोल्ट, काही ठिकाणी प्लॅस्टिकच्या खिट्ट्या. एकाला दहाचा पाना लागतो, दुसऱ्याला आठचा, तिसऱ्याला चांदणीच्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर. खिट्ट्यांत चिखल भरून तो वाळलेला. वरून डोळ्यांत माती पडते आहे, एका हाताने आवरण तोलून धरले आहे, दुसऱ्या हाताने शेवटचा बोल्ट काढावयाचा आहे.

पुन्हा गणित करू. समजा, १४ स्क्रू आहेत आणि एक स्क्रू काढावयास २० सेकंद, लावावयास २० सेकंद लागतात. १४ गुणिले ४०, म्हणजे ५६० सेकंद. नऊ मिनिटे वीस सेकंद. दिवसात अशा आठ गाड्या आल्या, तर जवळजवळ सव्वा तास नुसते झाकण काढण्या-लावण्यात गेला. तेल बदलण्याची मजुरी ग्राहक ठरलेलीच देतो. हा सव्वा तास मिस्त्रीच्या खिशातून जातो. त्यातून एखाद्या बोल्टचे आटे गेले किंवा गंजून डोके तुटले, तर अर्धा तास निराळा.

माणूस माणूसच आहे. काम अवघड केले की तो पळवाट शोधतो. चौदापैकी नऊच स्क्रू परत लावले जातात. पुढच्या वेळी सहा. तुटलेल्या खिट्टीच्या जागी तार पिळली जाते. शेवटी एक दिवस आवरण काढून गॅरेजच्या कोपऱ्यात उभे केले जाते आणि गाडी त्याच्याशिवायच रवाना होते. हायवेवर पुढच्या गाडीच्या पोटाखाली लोंबणारे, रस्त्यावर घासत जाणारे काळे आवरण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. भर वेगात ते सुटले आणि मागून मोटारसायकलवाला येत असला, तर काय होईल हे मी सांगावयास नको.

याहून गंभीर गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. चेंबरच्या नटातून तेल थेंब थेंब गळत असेल, तर पूर्वी सकाळी गाडी हलविल्यावर जमिनीवर डाग दिसे. मालकाला डाग दिसला की तो गाडी गॅरेजला नेई. आता ते थेंब आवरणावर साचतात. जमीन कोरडी राहते आणि इंजिनातले तेल कमी होत जाते. आवरणाला आवाज शोषणारा जाड नमदा असेल, तर तो तेल पिऊन बसतो. वर धुराड्याची तापलेली नळी असते. तेल, उष्णता आणि सुकलेला पालापाचोळा एकत्र आले, तर आग लागण्याचा धोका असतो. म्हणजे इंजिनाच्या रक्षणासाठी बसविलेले झाकण दुखणे लपविणारे झाकण होऊन बसते.

आता प्रश्न येतो, की हे आवरण असावे तर कसे असावे? मी सहा गोष्टी सांगतो. त्यांतील एकही फार मोठ्या विद्वत्तेची नाही.

पहिली गोष्ट: जे वारंवार उघडावे लागते, त्याला वेगळी खिडकी द्यावी. तेलाचा नट आणि फिल्टर दरवर्षी लागतात. गिअरबॉक्सचे तेल काही वर्षांनी. इंजिन उतरविण्याची वेळ क्वचित. तिन्ही कामांसाठी तेच अख्खे आवरण उतरविणे म्हणजे पत्र टाकण्यासाठी घराचा दरवाजा चौकटीसकट काढणे होय. नटाच्या आणि फिल्टरच्या खाली हातभर लांबीचे छोटे दार ठेवले की रोजचे काम तेथून भागते. काही कंपन्या असे दार ठेवतात. काही इंजिनांत फिल्टर वरच्या बाजूला असतो आणि तेल मापण्याच्या सळईच्या नळीतून जुने तेल यंत्राने शोषून घेता येते. तेथे खाली जाण्याची गरजच कमी होते. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे उदाहरण पाहा. तिचा तळ बराचसा सपाट होता. इंजिन मागे होते आणि तेलाच्या जाळीची गोल झाकणी सहा लहान नटांवर बसविलेली असून ती थेट खालून हाताला लागे. अशी गाडी २००३ पर्यंत बनत राहिली आणि तिचा खप दोन कोटींच्या वर गेला. सपाट तळ आणि हाताला लागणारे तेल या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्या गाडीने कितीतरी वर्षांपूर्वी दाखविले होते.

दुसरी गोष्ट: बांधणी एकाच जातीची असावी. सगळे बोल्ट एकाच मापाचे, एकाच लांबीचे, एकाच पान्याने निघणारे. लांबी वेगवेगळी ठेवली आणि लांब बोल्ट आखूड बोल्टच्या जागी लागला, तर तो आतल्या भागाला जाऊन भिडतो. बोल्ट सैल केल्यावर तो आवरणातच अडकून राहावा, खाली पडून हरवू नये. प्लॅस्टिकमध्ये थेट आटे पाडू नयेत. धातूची बोंडी बसवावी, म्हणजे पन्नास वेळा उघडले तरी आटे टिकतात. विल्यम झूस नावाच्या गृहस्थांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत एक खिट्टी शोधून काढली. तिला चौथाई फेरी दिली की ती सुटते, उलट चौथाई फेरी दिली की बसते. विमानाच्या इंजिनावरची आवरणे तिने बांधली जाऊ लागली, पुढे शर्यतीच्या मोटारींवरही ती आली. तिच्या डोक्यावरची खाच कोणत्या दिशेला आहे, एवढे पाहिले की बसली की नाही ते लांबूनही कळते. अशा चार खिट्ट्यांचे छोटे दार असेल, तर एका खिट्टीला काढा-घालावयास दहा सेकंद धरले तरी चाळीस सेकंदांत काम होते. मघाचा सव्वा तास साडेपाच मिनिटांच्या आत येतो.

तिसरी गोष्ट: आवरण एका माणसाला एका हाताने पेलले पाहिजे. मोठ्या वर्कशॉपमध्ये लिफ्ट असते. आपल्या बहुतेक गॅरेजांत खड्डा असतो किंवा गाडी घोड्यांवर चढवितात आणि माणूस पाठीवर झोपून खाली सरकतो. त्याला मदतनीस असेलच असे नाही. म्हणून आवरणाच्या पुढच्या कडेला दोन जिभा असाव्यात. त्या खाचेत अडकविल्या की आवरण आपोआप तोलले जाते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. एकच लांबलचक आवरण करण्याऐवजी दोन-तीन तुकडे केले, तर प्रत्येक तुकडा हलका होतो आणि एक तुटला तर एकच बदलावा लागतो.

चौथी गोष्ट आपल्या कोकणातल्या पावसाची आहे. आपल्या घराची मंगलोरी कौले कशी घालतात? वरचे कौल खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी सांध्यात शिरत नाही. गाडीखालच्या तुकड्यांचेही तसेच. पुढच्या तुकड्याच्या मागच्या कडेने पाठच्या तुकड्याची पुढची कड खालून झाकली पाहिजे. मग समोरून येणारा वारा किंवा पाणी त्या कडेत घुसत नाही. उलटे केले, तर कड पाणी ओंजळीसारखी गोळा करते. पाण्याचा जोर किती असतो, याचाही हिशेब करता येतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा दाब सुमारे ४६३ पास्कल येतो. साचलेल्या पाण्यातून गाडी ताशी केवळ १० किलोमीटरने नेली, तर पाण्याचा दाब सुमारे ३,८५० पास्कल होतो, म्हणजे आठपट! कारण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन आहे. हायवेवर वर्षभर टिकलेले आवरण पुराच्या पाण्यातल्या एका फेरीत का फाटते, याचे उत्तर या हिशेबात आहे. आपल्याकडे गाडी विकावयाची, तर केवळ वाऱ्याचा विचार करून भागत नाही.

पाचवी गोष्ट: आवरणाने बोलले पाहिजे. कोणता बोल्ट आधी सोडावयाचा, जीभ कोणत्या बाजूला आहे, नटाची खिडकी कोठे आहे, हे बाण आणि आकडे काढून साच्यातच उठावाने घडवावे. चिकटपट्टी चिखलाने जाते, साच्यात उठविलेला बाण गाडीबरोबर राहतो. तेल सोडावयाचे भोक नटाच्या बरोबर खाली आणि पुरेसे मोठे असावे, त्याला उतार द्यावा, म्हणजे तेल आवरणावर न सांडता डब्यात पडेल. पाणी-चिखल निघून जावयास भोके असावीत, गळती पाहावयास झरोका असावा, आणि धुराड्याच्या नळीजवळ प्लॅस्टिक न ठेवता उष्णता अडविणारा ॲल्युमिनियमचा पत्रा असावा.

सहावी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्मीळ. ज्याने आवरणाचे चित्र काढले, त्याला एकदा ओल्या जमिनीवर पाठ टेकून, चिखल वाळलेल्या गाडीखाली, साध्या पान्यांनी ते काढावयास आणि लावावयास लावावे. एकदा नव्हे, वीसदा. विसाव्या वेळी त्याच्या तोंडून जे शब्द निघतील, ते त्याने आपल्या वहीत लिहून ठेवावेत. (हशा)

आता दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे, नाहीतर तो इन्साफ होणार नाही. कारखान्यात गाडी कामगाराच्या डोक्यावरून सरकत येते. आवरण नवे, खिट्ट्या कोऱ्या, हातात वेगाने फिरणारे यंत्र. तेथे प्लॅस्टिकची खिट्टी दाबली की क्षणात काम होते आणि ती स्वस्तही पडते. धातूची बोंडी, निराळे दार, चौथाई फेरीची खिट्टी यांना पैसे लागतात, आणि लाखो गाड्या काढणाऱ्या कंपनीला दर गाडीचे दहा-वीस रुपयेही मोठे असतात. शिवाय प्रत्येक दार म्हणजे एक सांधा. सांधा नीट बसला नाही तर खडखडतो, वारा अडवितो, पाणी आत घेतो. विजेवरच्या गाड्यांत तर तळाशी बॅटरी असते आणि तेथील आवरण हे संरक्षणही असते. २०१३ साली रस्त्यावरच्या धातूच्या वस्तूंवर आदळून टेस्ला मॉडेल एस गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा त्या कंपनीने मार्च २०१४ मध्ये तळाला टायटॅनियमचा पत्रा आणि ॲल्युमिनियमचे अडसर बसविण्यास सुरुवात केली. असे आवरण सहज निघावे म्हणून नाजूक करता येणार नाही. आणि नारिंगी रंगाच्या जाड वायरी दिसल्या, तर ज्याने त्याचे प्रशिक्षण घेतलेले नाही, त्याने हात लावू नये. तो रंग जास्त दाबाच्या विजेची खूण आहे.

हे सगळे मान्य करूनही माझे म्हणणे उरतेच. कारखान्यात आवरण एकदाच बसते; गॅरेजमध्ये ते गाडीच्या आयुष्यात वीस-पंचवीस वेळा निघते. एकदाच्या सोयीसाठी पंचवीस वेळांची गैरसोय करणे हा हिशेब तोट्याचा आहे. तो तोटा कंपनीच्या वहीत दिसत नाही, कारण तो मिस्त्रीच्या पाठीवर आणि मालकाच्या खिशावर लिहिलेला असतो.

ही जाणीव हळूहळू वाढते आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात मोटारदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळावी म्हणून २०१२ साली जनतेने मतदान केले, आणि २०२० साली पुन्हा केले. आपल्या देशात केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारगाड्याही आहेत. माहिती मिळण्याचा हक्क मोठाच आहे. परंतु पुस्तकात सर्व लिहिले आणि पाना मात्र नटापर्यंत पोहोचला नाही, तर तो हक्क अर्धाच राहतो.

गॅरेजवाल्या बंधूंना माझी विनंती आहे. आवरण काढून फेकू नका. ते गेले की पावसाचा चिखल थेट पट्ट्यावर आणि वायरींवर बसतो. तुटणाऱ्या खिट्ट्यांचा एक डबा जवळ ठेवा, काढलेले बोल्ट ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने थाळीत ठेवा, आवरणावर सांडलेले तेल पुसूनच ते चढवा, आणि गळती दिसली तर झाकण्यापूर्वी मालकाला बोलावून दाखवा. अशा वेळी मालकाचा जो विश्वास बसतो, तो जाहिरातीने बसत नाही. आणि अल्लाच्या वास्ते, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणी शिरू नका, आपल्या हाताखालच्या पोराला तर मुळीच पाठवू नका.

आता मी ज्या विषयासाठी उभा राहिलो, त्या तालीम आणि हुनर यांकडे येतो. मघाशी सांगितलेल्या सहा गोष्टी मला कोणी शिकविल्या? त्यांतल्या निम्म्या पुस्तकांनी आणि निम्म्या गाडीखाली झोपणाऱ्या माणसांनी. कोणत्या कोपऱ्यात पाना फिरत नाही, कोणती खिट्टी पहिल्याच खेपेस तुटते, तेल कोठे साचते, हे मिस्त्रीला झोपेतही सांगता येते. परंतु त्याचे म्हणणे चित्र काढणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, कारण त्याने दहावीच्या आत शाळा सोडलेली असते. त्याला रेखाचित्र वाचता येत नाही, माप लिहून देता येत नाही. आणि चित्र काढणाऱ्या तरुण इंजिनिअरला गणित येते, संगणक येतो, परंतु तो गाडीखाली कधी गेलेला नसतो. एकाला ज्ञान आहे आणि शब्द नाहीत. दुसऱ्याला शब्द आहेत आणि तो अनुभव नाही. या दोघांच्या मधल्या दरीतून ते चौदा स्क्रूंचे झाकण जन्माला येते.

पालकांनो, ही दरी भरून काढणारा मुलगा किंवा मुलगी कोणाच्या घरात जन्मणार? माझ्या मते ती तुमच्याच घरात आहे. ज्याने लहानपणापासून वडिलांना पाना दिला, कोणता नट किती मापाचा हे ज्याला पाहताक्षणी कळते, त्याने जर त्रिकोणमिती आणि विज्ञान मन लावून शिकले, तर त्याच्यासारखा चित्रकार कारखान्याला शोधून सापडणार नाही. परंतु आपण करतो काय? एक तर मुलगा आठवीत गेला की 'आता हाताशी येऊ दे' म्हणून त्याला शाळेतून काढतो. नाहीतर 'अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाठवीन' अशी धमकी देतो. पहिल्याने त्याचे शब्द जातात, दुसऱ्याने वडिलांच्या हुनरबद्दलची इज्जत जाते. दोन्ही टाळावयास हवे. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानेच मनाई आहे. घरच्या धंद्यात शाळेनंतर आणि सुट्टीत मदत करावयास कायद्याची मुभा असली, तरी घातक काम तेथेही बंदच आहे. म्हणून लहान मुलाने पाना हातात द्यावा, नटाचे माप सांगावे, नजरेने शिकावे; गाडीखाली जाण्याचे काम मोठ्या माणसाचे.

वाट अवघड नाही. दहावीनंतर आय. टी. आय. मध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तो पुरा केलेल्या विद्यार्थ्याला आपल्या राज्यात पॉलिटेक्निकच्या पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळण्याची सोय आहे. तेथून पुढे पदवीची वाट आहे. ज्याचा हात चित्रकलेत चांगला आहे, त्याने हे लक्षात ठेवावे की वस्तूंची रचना हीच एक विद्या आहे; पवईच्या आय. आय. टी. त तिचे शिक्षण देणारे केंद्र १९६९ पासून आहे. मोटारींची तपासणी आणि संशोधन करणारी ए. आर. ए. आय. ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. हे सर्व आपल्यापासून एका रात्रीच्या एस. टी. प्रवासाइतके जवळ आहे. आणि हे मुलींनाही तितकेच खुले आहे. चित्र काढणाऱ्या हाताला बांगडी आहे की नाही, हे आवरणाला कळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला मी एक गृहपाठ देतो. या सुट्टीत आपल्या घरातील किंवा मोहल्ल्यातील एखाद्या मिस्त्रीजवळ बसा. त्यांना विचारा, 'चाचा, कोणत्या गाडीचे कोणते झाकण तुम्हांला सर्वांत जास्त छळते? आणि का?' ते सांगतील ते लिहून घ्या. मग त्या झाकणाचे माप घेऊन कागदावर चित्र काढा, आणि शेजारी तुमच्या मनातले दुसरे चित्र काढा. बोल्ट किती कमी झाले, वेळ किती वाचला, याचा हिशेब मांडा. गॅरेजची गाडी नसेल, तर घरचा मिक्सर घ्या, पंप घ्या, शिवणयंत्र घ्या. ज्याला झाकण आहे, त्या प्रत्येक वस्तूला हा प्रश्न विचारता येतो. चांगली चित्रे आपण पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापू, अशी विनंती मी संपादक मंडळाला येथूनच करून ठेवतो.

शेवटी एवढेच सांगतो. गाडीखालचे आवरण कोणाच्या नजरेस पडत नाही. त्यावर रंग नसतो, चकाकी नसते, शोरूममध्ये कोणी ते पाहावयास वाकत नाही. जेथे कोणी पाहणार नाही, तेथेही ज्याने नीट काम केले, त्याच्या कामाला मी प्रामाणिकपणा म्हणतो. चित्र काढणाऱ्याने जमिनीवर झोपलेल्या त्या अनोळखी माणसाची आठवण ठेवावी. आणि त्या माणसाने उरलेले पाच स्क्रूही जागच्या जागी लावावेत. एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या या दोन माणसांनी एकमेकांची अशी काळजी घेतली, तर मधल्या माणसाचा, म्हणजे तुमचा-माझा प्रवास सुखाचा होईल.